फिल्टर बदलला की गाडी जास्त ओढते का?

आमच्या गडमुडशिंगीत सकाळी सहाच्या सुमारास रस्त्यावर आले, की सर्वांत आधी भेटतात त्या पिकअप गाड्या. कोणी भाजी घेऊन कोल्हापूरच्या बाजाराला निघालेला असतो, कोणी गांधीनगरच्या पेठेतून कापडाचे गठ्ठे आणायला, तर कोणी इथल्याच गोकुळच्या पशुखाद्य कारखान्यातून पोती भरून खेडोपाडीच्या दूध संस्थांकडे. यांपैकी एका पिकअपचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. बारावीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता गाडीच्या कर्जाचे हप्ते फेडतो आणि त्या गाडीवर घरातील पाच माणसे जगतात.

एका रविवारी तो घरी आला आणि मोबाईलवरची एक जाहिरात त्याने माझ्यापुढे धरली. चकचकीत धातूची एक वाकडी नळी आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. कंपनीने दिलेली काळी प्लॅस्टिकची पेटी काढून टाकायची आणि हा संच बसवायचा. एंजिन मोकळा श्वास घेईल आणि ताकद दहा टक्के वाढेल, असे जाहिरात सांगत होती. किंमत त्याच्या महिन्याच्या हप्त्याच्या निम्म्याहून अधिक.

"सर, हे बसवलं की गाडी लई वढती म्हणत्यात. खरं हाय काय?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, गाड्या दुरुस्त करीत नाही. तरीही हा प्रश्न मला आवडला. कारण तो पुस्तकातील वायुदाब, घनता आणि तापमान यांच्याच आधारे सुटणारा होता. मी त्याला म्हटले, "पुढच्या रविवारी गाडी आण. मोजून बघू."

मोजायचे काय, हे समजण्यासाठी प्रथम एंजिनाचा श्वास म्हणजे काय ते पाहू. विद्यार्थिमित्रांनो, एंजिन हवा ओढून घेते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे ते हवा ओढू शकत नाही. सिलिंडरमधील दट्ट्या खाली सरकतो, आत जागा मोकळी होते, तेथील दाब कमी होतो आणि बाहेरचे वातावरण हवेला आत ढकलते. शीतपेयाच्या बाटलीतील नळीचेही असेच असते. म्हणजे हवा आत नेणारी शक्ती बाहेरच्या वातावरणाची आहे, आणि ती अमर्याद नाही.

त्याच्या पिकअपचे एंजिन चार सिलिंडरचे, अडीच लिटर क्षमतेचे, डिझेलवर चालणारे आहे. आपल्या भागातील बहुतेक पिकअप साधारण याच जातीच्या. चार फेऱ्यांच्या चक्रातील एंजिन दोन आवर्तनांत एकदाच श्वास घेते. मिनिटाला ३००० आवर्तने होत असतील, तर १५०० वेळा अडीच लिटर, म्हणजे ३७५० लिटर हवा एका मिनिटात आत जाते. स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात सुमारे अकरा हजार लिटर हवा आत घेतो. आपला संपूर्ण दिवसाचा श्वास हे एंजिन तीन मिनिटांत संपवते. ही सर्व हवा त्या काळ्या पेटीतून, तिच्यातील कागदी फिल्टरमधून आणि पुढच्या रबरी नळीतून जाते. वाटेत अडथळा आहे हे तर उघडच आहे. प्रश्न एवढाच, की तो अडथळा किती मोठा?

यासाठी कोणत्याही शाळेत करता येईल असे एक उपकरण आम्ही वापरले. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात एका फळीवर बांधायची, तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरायचे आणि शेजारी मोजपट्टी लावायची. नळीचे एक तोंड हवेत उघडे ठेवायचे, दुसरे फिल्टर आणि एंजिन यांच्या मधल्या जागेला जोडायचे. एंजिन चालू झाले, की त्या जागेतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरचे वातावरण उघड्या बाजूचे पाणी खाली दाबते. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतील फरक म्हणजे वाटेत हरवलेला दाब.

गावातील एका मेस्त्रींना या खटाटोपाची मजा वाटली. गाडीच्या चांगल्या रबरी नळीला भोक पाडायचे नव्हते, म्हणून त्यांनी अडगळीतून त्याच मापाची एक जुनी नळी शोधून काढली, तिला जाड सुई टोचली आणि सुईला आमची प्लॅस्टिकची नळी जोडली. पहिल्या प्रयत्नात माझीच चूक झाली. मी आखूड नळी घेतली होती. एंजिनाचा वेग वाढताच पाणी सरसर चढून थेट गाडीच्या दिशेने निघाले. मेस्त्रींनी नळी बोटांनी चिमटली म्हणून बरे. मग दोन्ही बाजू साठ-साठ सेंटिमीटरच्या ठेवल्या. (तुम्ही हा प्रयोग केलात, तर तोही मोठ्या नळीने करा, जाणकार माणूस जवळ असू द्या, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली ठेवा आणि पंख्याच्या पट्ट्यापासून हात, ओढणी, बाही दूर ठेवा.)

आता आमचे आकडे पाहा. गाडी उभी, एंजिन पूर्ण वेगात. गाडीत असलेला जुना, धुळीने काळवंडलेला फिल्टर तसाच ठेवला, तेव्हा पातळ्यांतील फरक २७ सेंटिमीटर आला. नवा कागदी फिल्टर बसवला. फरक ११ सेंटिमीटरवर आला. मग क्षणभरासाठी फिल्टर काढूनच टाकला आणि पेटी रिकामीच बंद केली. फरक ८ सेंटिमीटर!

हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. फिल्टर नसतानाही ८ सेंटिमीटर दाब हरवतो, कारण तो पेटीच्या तोंडाशी, वळणांत आणि नळीत हरवतो. नव्या कागदाचा स्वतःचा अडथळा फक्त ३ सेंटिमीटर. जगातील कोणताही फिल्टर, मग तो कितीही महाग असो, फिल्टर नसण्यापेक्षा मोकळा असू शकत नाही. म्हणजे नुसता फिल्टर बदलून जास्तीत जास्त काय मिळेल, याची वरची मर्यादा आम्हाला एकही रुपया न खर्चता मिळाली.

आता ही ३ सेंटिमीटर कशाच्या तुलनेत? समुद्रकाठी वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. आपण पठारावर राहतो. आमच्या गावाला लागून असलेला उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर वातावरण सुमारे ९.६ मीटर, म्हणजे ९६० सेंटिमीटर पाणी तोलून धरते. ९६० मध्ये ३ म्हणजे ०.३ टक्के. पेटी, नळी, फिल्टर असा सगळाच अडथळा जादूने नाहीसा झाला असे मानले, तरी ९६० मध्ये ११, म्हणजे जेमतेम १.१ टक्के. जाहिरातीतले दहा टक्के येणार कोठून?

येथे एका चाणाक्ष वाचकाने हरकत घ्यावी. गाडी उभी होती, भार नव्हता. भरल्या गाडीने चढ चढताना काय? हरकत योग्य आहे. या एंजिनाला टर्बोचार्जर आहे. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारे ते एक चाक असते आणि ते हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. भार वाढला, की ते अधिक हवा भरते. समजा, प्रवाह दीडपट झाला. वळणांतून जाणाऱ्या वेगवान हवेचा दाब-ऱ्हास साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो सव्वादोनपट होईल. ११ चे २५ होतील, आणि कागदाच्या ३ चे, फार झाले तर, ७. टक्केवारीत सांगायचे तर सगळा मार्ग २.६ आणि कागद ०.७. वरची मर्यादा थोडी सरकली, पण दहाच्या जवळपासही गेली नाही.

कागद इतका थोडा अडथळा कसा करतो, याचे कोडे मेस्त्रींनाही होते. "एवढ्या दाट कागदातनं वारं जातंय कसं?" असे ते म्हणाले. उत्तर त्याच्या घड्यांत आहे. जुना फिल्टर मी मोजायला घेतला. १२० घड्या, प्रत्येक ३ सेंटिमीटर खोल आणि २० सेंटिमीटर उंच. प्रत्येक घडीला दोन बाजू. म्हणजे १२० × २ × ३ × २० = १४,४०० चौरस सेंटिमीटर, जवळजवळ दीड चौरस मीटर कागद त्या लहानशा डब्यात दुमडून ठेवलेला असतो. सेकंदाला ६२.५ लिटर हवा एवढ्या क्षेत्रातून जायची, तर तिचा वेग सेकंदाला ४.३ सेंटिमीटर येतो. घाईत असलेली मुंगी याच चालीने चालते. आता तीच हवा पुढे साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत शिरते. तिथले क्षेत्रफळ केवळ ३३ चौरस सेंटिमीटर. तेथे वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. कागदात मुंगी आणि नळीत मोटारसायकल! ज्याने ही पेटी आखली त्या अभियंत्याने हा हिशेब आपल्याआधीच करून ठेवलेला असतो. मोकळ्या श्वासाच्या जाहिराती वाचताना याचा विसर पडतो.

बरे, समजा, थोडी जास्त हवा मिळालीच. तिचे एंजिन करणार काय? इथे पेट्रोल आणि डिझेल यांचे रस्ते वेगळे होतात. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि पेट्रोलचे एंजिन बहुतांशी हेच प्रमाण सांभाळते. तेथे पायाखालची कळ हवेची झडप उघडते. जास्त हवा आली की त्या मापाने पेट्रोलही जास्त येते. डिझेलच्या एंजिनात पाय डिझेलचे प्रमाण ठरवतो. हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा पुरते, पण पूर्ण भारावरही एंजिन त्याहून बरीच जास्त हवा आत घेते. कढईत चार माणसांची भाजी शिजत असताना चुलीवर आणखी मोठे भांडे ठेवले, म्हणून भाजी आठ माणसांची होत नाही. जास्त हवेचा उपयोग व्हायला डिझेलही वाढवावे लागेल. काही जण 'पंप वाढवून' तेही करतात. मग काळा धूर, तापणारे एंजिन आणि रिकामा होणारा खिसा हे ओघाने आलेच. ती ताकद वाढलेल्या डिझेलची असते. फुकटचे श्रेय मात्र लाल फिल्टर घेऊन जातो.

आता या संचाचा एक उलटा गुण पाहू. कंपनीच्या पेटीचे तोंड बहुधा बॉनेटच्या कडेला, थंड हवा येईल अशा जागी असते. तो शंकू मात्र पेटीविना, एंजिनाच्या शेजारी उघडाच बसतो. प्रयोगशाळेतील साधा तापमापक आम्ही दोन ठिकाणी धरला. गाडी अर्धा तास फिरवून आणून उभी केली होती. बाहेर सावलीत ३१ अंश, आणि शंकू जेथे बसणार त्या जागी ५२ अंश सेल्सिअस. स्थिर दाबाखाली हवेची घनता केल्विनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३१ म्हणजे ३०४ केल्विन, ५२ म्हणजे ३२५ केल्विन. ३०४ भागिले ३२५ केले की ०.९३५ येतात. म्हणजे तेवढ्याच आकारमानात साडेसहा टक्के कमी हवा! गाडी पळू लागली की बॉनेटखाली वारा खेळतो आणि हा फरक कमी होतो, हे खरे. टर्बोनंतर हवा थंड करणारी जाळी असेल, तर तीही काही उष्णता काढून घेते. पण दर दहा अंशांना सुमारे तीन टक्के हा दर लक्षात ठेवा आणि वरच्या ०.७ टक्क्यांशी ताडून पाहा. गर्दीत, चढावर, हळू चाललेल्या गाडीत मिळकतीपेक्षा खर्च मोठा.

फुकटात जास्त हवा हवीच असेल, तर एक मार्ग आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे. समुद्रकाठी वातावरणाचा दाब आपल्यापेक्षा सुमारे सात टक्के जास्त. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याचा दाबमापक डोंगरावर चढवून दाखवले होते, की उंचीबरोबर दाब घटतो. टर्बो नसलेल्या जुन्या गाड्या चालवलेल्या माणसांना हे पास्कलचे नाव न ऐकताही ठाऊक असते.

मग ज्यांनी हा संच बसवला आहे ते सगळे खोटे बोलतात काय? अजिबात नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या एका मित्राने तो बसवला आहे आणि त्याला गाडी खरोखरच हलकी वाटते. मी त्याला विचारले, "आधीचा फिल्टर कधी बदलला होता?" तो आठवू लागला. दोन वर्षे तरी झाली असतील, म्हणाला. आता आमचे आकडे पुन्हा पाहा: जुना मळलेला २७, नवा साधा कागदी ११. फरक पडला तो घाणेरडा फिल्टर गेल्याने. त्याच्या जागी साधा नवा बसवला असता, तरी जवळजवळ तेवढाच पडला असता. शिवाय त्याच दिवशी त्याने एंजिन ऑईल बदलले होते आणि चाकांत हवाही भरली होती. एका वेळी चार गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही. प्रयोगवहीत आपण 'बाकी सर्व घटक स्थिर ठेवून' असे लिहितो ते याचसाठी. परीक्षेत गुण मिळवून देणारे हे वाक्य बाहेर पैसे वाचवते, हे मी वर्गात क्वचितच सांगतो. सांगायला हवे.

आणखी एक भागीदार आहे, तो म्हणजे कान. कंपनीची पेटी केवळ धूळ अडवण्यासाठी नसते. सिलिंडरच्या झडपा उघडझाप करताना हवेत ठोके बसतात आणि त्यांचा घुमणारा आवाज ही पेटी गिळते. तोंडाशी फुंकर घालताच घुमणाऱ्या रिकाम्या बाटलीचे तत्त्वच येथे उलट वापरलेले असते. पेटी काढली, की तो गुरगुराट आणि टर्बोची शीळ थेट चालकाच्या कानावर येते. गुरगुरणारी गाडी जोरकस वाटते. आवाज आला म्हणजे जोर आला, असे आपल्या मनाने केव्हाच ठरवून टाकलेले असते.

डिझेलच्या बचतीचेही असेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये पेट्रोलच्या गाड्यांवर याची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. इंधन फवारणारी आधुनिक गाडी मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरने चालवली, तरी एका लिटरमागे तोडलेल्या अंतरात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. जुन्या, १९७२ सालच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाचा काही फरक दिसला. कारण सोपे आहे. पेट्रोलच्या गाडीत चालक पायाने हवेची झडप अर्धवट मिटूनच गाडी चालवत असतो. तो अडथळा फिल्टरच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी मोठा. फिल्टर तुंबला तर चालक नकळत पाय थोडा अधिक दाबतो आणि हिशेब पूर्ववत होतो. तुंबलेल्या फिल्टरनेही जेथे इंधन वाया गेले नाही, तेथे नव्याहून नवा फिल्टर ते वाचवील कसे?

एवढ्यावर मी थांबलो असतो, तर 'पैसे वाया जातील' एवढेच सिद्ध झाले असते. पण मेस्त्री म्हणाले, "सर, वाऱ्याचं सोडा. धुरळ्याचं बघा की." आणि खरी गोष्ट तीच होती.

उसाच्या हंगामात आमच्या भागातील पाणंदी तुम्ही पाहिल्या असतील. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जाऊन जाऊन मातीचे पीठ होते. त्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूचेच बारीक कण असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर वाळूचा क्रमांक सात. सिलिंडरचे बीड त्यापेक्षा मऊ. दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, काही मायक्रोमीटरचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड, यावरून कल्पना करा. त्या थराहून मोठा कण आत गेला, की तो दोन्हीकडे घासतो आणि पॉलिशपेपरचे काम करतो. एका दिवसात काही कळत नाही. पण हळूहळू कड्या सैल होतात, एंजिन तेल खाऊ लागते, निळा धूर येतो आणि एंजिन खोलावे लागते. हप्ते चालू असताना एंजिन खोलावे लागणे म्हणजे काय, हे पिकअपवाल्याला विचारा.

फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता टक्क्यांत सांगतात आणि येथे आकडे आपल्याला फसवतात. समजा, एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८.५ टक्के. वाटते, एका टक्क्याचा तर फरक! पण एंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही, निसटलेल्या धुळीशी आहे. पहिल्यातून हजारातले ५ भाग निसटतात, दुसऱ्यातून १५. म्हणजे तिप्पट धूळ आत. मोकळेपणा आणि गाळण्याची बारकाई यांची नेहमीच ओढाताण असते. छिद्रे मोठी केली की हवा सहज जाते, आणि तिच्याबरोबर धूळही. तेल लावलेल्या सुती जाळीचे शंकू याच ओढाताणीत मोकळेपणाकडे झुकलेले असतात. वर जाळीवरचे तेल जास्त झाले, तर ते उडून हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसते आणि ती चुकीचे मोजू लागते.

तेलाने धूळ पकडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार होणाऱ्या ऑईल एंजिनांनी एके काळी पंचगंगेकाठच्या शेतांना पाणी पाजले. त्या काळच्या एंजिनांवर आणि ट्रॅक्टरवर तेलाच्या वाटीचा फिल्टर असे. हवा वरून येऊन तेलाच्या पृष्ठभागापाशी एकदम वळे. हलकी हवा वळून जाई, पण जड कणांना तेवढ्यात वळता येत नसे आणि ते तेलात बुडत. जडत्वाचा इतका देखणा उपयोग मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही. अगदी बारीक कण मात्र हवेबरोबर वळून निसटत, म्हणून पुढे कागद आला.

कागदाचीही एक गंमत आहे. अगदी नव्या कागदापेक्षा थोडा वापरलेला कागद धूळ जास्त चांगली अडवतो, कारण आधी बसलेली धूळच पुढच्या धुळीला गाळू लागते. म्हणून दर आठ दिवसांनी फिल्टर काढून काँप्रेसरच्या जोरदार हवेने झाडण्याची आपल्याकडील सवय मला पसंत नाही. जोराच्या झोताने कागदाला केसासारख्या चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण धुळीला बरोबर सापडतात. फिल्टर केव्हा बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या रस्त्यांवर त्याहून थोडा लवकर बदलावा.

मग हे शंकू बनवतात तरी कशाला? त्यांचीही एक जागा आहे. शर्यतीच्या गाडीचे पेट्रोल एंजिन मिनिटाला सात-आठ हजार आवर्तने करते. तेथे प्रवाह मोठा, म्हणून दाब-ऱ्हासही मोठा. हवा वाढली की पेट्रोलही त्या मापाने वाढते आणि दोन-तीन टक्क्यांसाठी माणसे जिवाचा आटापिटा करतात. ते एंजिन तसेही वारंवार खोलले जाते. अमेरिकेतील मोठ्या पेट्रोल पिकअपमध्येही वरच्या वेगाला काही अश्वशक्ती वाढल्याचे मोजलेले आढळते, विशेषतः गार हवा बाहेरून आणणारी पेटी सोबत असेल तर. पण दोन हजार आवर्तनांवर, दीड टन पोती घेऊन, पाणंदीतून निघालेल्या डिझेल गाडीशी या गोष्टीचा संबंध नाही.

त्या रविवारी दुपारी आम्ही आवराआवर करू लागलो. मेस्त्री गाडीची मूळ रबरी नळी पुन्हा बसवत होते. बसवण्याआधी त्यांनी तिच्या आतून बोट फिरवले आणि बोट आमच्यापुढे धरले. त्यावर तांबूस धूळ होती. ही नळी फिल्टरच्या पुढची. येथे धूळ दिसता कामा नये. शोध घेतला तेव्हा सापडले, की पेटीकडच्या जोडावरची पट्टी ढिली होती आणि नळीला त्या टोकाशी बोटभर चीर गेली होती. गाळलेल्या हवेत न गाळलेली हवा मिसळत होती, कोण जाणे किती महिने. फिल्टर कोणता बसवावा यावर आम्ही दिवसभर डोके चालवले, आणि धूळ मात्र फिल्टरला वळसा घालून आत जात होती.

माझ्या विद्यार्थ्याने मोबाईलवरची जाहिरात मिटली. दुसऱ्या दिवशी त्याने नवी रबरी नळी आणि दोन पट्ट्या आणल्या. कागदी फिल्टर नवा होताच. पट्ट्या आवळताना त्याने मला विचारले, "सर, ती पाण्याची नळी ठेवून घेऊ काय? आमच्या वाडीतले ट्रॅक्टर हाईत."

फळीसकट ती नळी आता त्याच्या शेडमध्ये टांगलेली आहे. आखूड नळी मीच ठेवून घेतली, वर्गात दाखवायला.